गावच्या माळावर ५,००० झाडं लावायची म्हणतायत, काय करू?

कुसळ्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव बारामती तालुक्यात, सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यात. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवा आठवतो, आमच्याकडे टँकर आठवतो. गावाच्या वरच्या अंगाला मोठं गायरान आहे, त्याला सगळे नुसतं 'माळ' म्हणतात. उन्हाळ्यात गेलात तर खरंच काही नाही तिथे, वीतभर माती, खाली मुरूम, वाळलेली कुसळी, मधेच एखादं हिवर नाहीतर बोर, आणि वारा. चड्डीला चिकटलेली कुसळं काढण्यात माझं अर्धं बालपण गेलंय, आयडी त्यावरूनच घेतलाय.

तर एका कंपनीला सीएसआरमधून (म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून) तिथे ५,००० झाडं लावायची आहेत. सरपंच माझ्या वर्गातला, मी पुण्यात आयटीत, त्यामुळे "तू बोल त्यांच्याशी इंग्रजीत" म्हणून मला मधे घातलं. मी पण लगेच हो म्हणालो, झाडं लावायला कोण नाही म्हणणार? मागच्या रविवारी जागा दाखवायला गेलो, कंपनीची दोन माणसं होती, जेसीबीवाला होता, चर कुठून मारायचे ते फक्कीने आखत होते. तेवढ्यात आमचे चुलते, वय ७४, उभा जन्म शेळ्या राखण्यात गेलाय, ते शांतपणे म्हणाले, "आरं पर हितं खोकडाची बिळं हायत की. आन पाऊस झाल्यावर गवत कुठं उगवायचं मग?" कंपनीवाले हसले, मी पण हसलो, पण रात्री झोप लागेना. नेटवर शोधलं तर माळरानावर झाडं लावू नका म्हणणारे लोक सापडले आणि आता डोक्याचा पार भुगा झालाय.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. खरं काय ते कुणी जाणकार सांगेल का?

पिंपळपान

यात विचार कसला करायचा? उघडाबोडका माळ आहे, कोणीतरी स्वतःच्या खर्चाने हिरवा करून देतंय, घ्या पदरात पाडून. पुण्यात एप्रिलमध्ये काय अवस्था असते ते बघताय ना? आम्ही दर रविवारी टेकडीवर पाण्याचे कॅन घेऊन चढतो, गुडघे गेले पण झाडं जगवली. तुम्हाला जेसीबीसकट सगळं मिळतंय आणि झोप लागत नाही म्हणताय.

ठेचा_भाकर

वाचतोय.

टिटवी

कुसळ्या, तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा, मला जे लिहायला दोन पानं लागतील ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलंय. तरी दोन पानं लिहितेच, कारण गेली नऊ वर्षं सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी हाच माझा रविवार आहे.

तुमच्या पट्ट्यात पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माती उथळ, खाली मुरूम. अशा जागी निसर्ग घनदाट जंगल उभं करतच नाही, तो गवत वाढवतो आणि मधेमधे हिवर, बोर, खैर, तरवड असं काटेरी काहीतरी पेरतो. ते बिघडलेलं जंगल नव्हे, ते पूर्ण वाढलेलं माळरान आहे. मे महिन्यात जाऊन "इथे काही नाही" म्हणणं म्हणजे कापणीनंतर शेतात जाऊन "इथे काही पिकत नाही" म्हणण्यासारखं आहे. ऑगस्टच्या शेवटी जा, मारवेल, शेडा, पवन्या सगळं कमरेला लागतं.

आणि राहतं कोण ते ऐका. खोकड (छोटा कोल्हा) तर तुमच्याकडे आहेच, ते उंदीर आणि किडे खाऊन शेतकऱ्याचं कामच करतं. लांडगा, तरस, चिंकारा. पक्ष्यांत धाविक, माळटिटवी, पखुर्डी, डोंबारी चंडोल. हे सगळे जमिनीवर उघड्यावर अंडी घालतात, घरट्याच्या नावाने चार खडे नाहीतर नुसता खळगा. त्यांचा सगळा भरवसा चारी बाजूंनी लांबवर दिसतं यावर असतो. तिथे रांगेत झाडं लावलीत की कावळ्याला बसायला जागा झाली, आणि कावळा बसला की अंडी गेली. शिवाय चर. सलग समतल चर मारताना जेसीबी जी वरची वीतभर माती उलटी करतो ना, सगळं गवत त्या वीतभरातच असतं. मुरूम वर आला की त्यावर आधी घाणेरी आणि गाजरगवत येतं, तुमचा मारवेल नाही.

थंडीत संध्याकाळी माळावर थांबलात तर भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) दिसतील, मध्य आशियाकडून येतात आणि रात्री गवतात जमिनीवर झोपतात. झाडावर नाही, गवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, एकेक करून आले आणि गवतात बुडी मारल्यासारखे गडप.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहेच, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी केलेलं. क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे चिंकाऱ्याचं खरं घर अभयारण्याबाहेरच, तुमच्या गायरानासारख्या जागांवर.

पिंपळपान

टिटवीताई, माहिती छान आहे पण मूळ मुद्दा पटला नाही. शाळेत आपण सगळे हेच शिकलो की पूर्वी इथे दाट जंगल होतं, माणसाने तोडलं, गुरं चारली आणि माळ झाला. मग परत जंगल केलं तर बिघडलं कुठे? आणि कार्बनचं काय? गवत काय कार्बन धरणार?

टिटवी

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते आपल्या मराठीतूनच आलंय. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी २०२५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं खरंच जंगलतोडीतून झाली का हे बघायला त्यांनी काय वाचलं असेल? जुनं मराठी साहित्य. तेराव्या शतकापासूनच्या पोथ्या, आख्यानं, कविता, ओव्या, त्यात कुठे कुठल्या झाडाचा, गवताचा, जागेचा उल्लेख येतो ते वेचून काढलं. असे २८ उतारे मिळाले, त्यात ४४ जंगली वनस्पती, आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या माळावर वाढणाऱ्या. हिवर, पळस, बोर असली मंडळी. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा आपले लोक माळच बघत होते. इंग्रजांनी रेल्वेसाठी झाडं तोडली वगैरे बऱ्याच नंतरचं.

कार्बन म्हणाल तर गवताचा कारभार जमिनीखाली चालतो. वरचं वाळतं, गुरं खातात, कधी वणव्यात जळतं, पण मुळांतलं जमिनीत राहतं. चर खणून तेच आपण उघड्यावर आणतो.

पुण्याच्या टेकड्यांवरही आधी गवतच होतं हो. गिरीपुष्प (बाहेरून आणलेलं झाड) लावलं आणि आता त्याखाली काय उगवतं ते तुम्ही दर रविवारी बघताच. तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, राग मानू नका.

पिंपळपान

राग नाही, पण बारा वर्षं कॅन वाहिल्यावर हे वाचून कसं वाटत असेल याचा विचार करा. गिरीपुष्पाखाली काही उगवत नाही हे मात्र खरं आहे, आमच्यात त्यावरून दोनदा भांडणं झालीयेत.

सोलापुरी_चादर

टिटवीताईंचं सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू आमच्याकडून ऐका. आमचा तालुका माळढोक अभयारण्यात होता. १९७९ साली नान्नज धरून जे अभयारण्य जाहीर केलं त्याचं क्षेत्र किती होतं माहितीय का? जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! सोलापूर आणि नगरमधली गावंच्या गावं, बाजारपेठा, शाळा, एसटी स्टँड, सगळं कागदावर अभयारण्य. माळढोक बघितलेला माणूस शंभरात एक नाही पण जमीन विकायची, विहीर खणायची, बँकेत कर्ज काढायचं म्हटलं की माळढोक आडवा. पोराच्या शिक्षणासाठी दोन एकर विकायला आमचे वडील चार वर्षं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले. त्या पक्ष्याचं नाव काढलं तरी घरात ताट आपटायचे.

शेवटी ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोवर तीसेक वर्षं गेली आणि लोकांच्या मनातून पक्षी उतरला तो उतरलाच. मधल्या काळात उजनीचं पाणी आलं, जिथे ज्वारी, करडई, भुईमूग होता तिथे ऊस उभा राहिला. ज्वारीत माळढोक फिरतो, दाणे टिपतो, किडे खातो, उसात तो करणार काय? वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी, ते एक अंडं कुत्र्याने खाल्लं की वर्ष गेलं. आता नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

सांगायचा मुद्दा, "हा माळ महत्त्वाचा आहे" म्हणून बोर्ड लावायला गेलात तर गावाला आधी विचारा. नाहीतर लोक म्हणतील त्यापेक्षा झाडं बरी.

ठेचा_भाकर

वरच्या प्रतिसादाला +१.

अवांतर: १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी ठरला तेव्हा माळढोकाचंही नाव चर्चेत होतं आणि सलीम अली त्याच्या बाजूने होते. त्याच्या इंग्रजी नावात (बस्टर्ड) एक अक्षर चुकलं तर पंचाईत होईल म्हणून मागे पडला असं सांगतात. खरंखोटं माहीत नाही, पण किस्सा भारी आहे.

सातारी_कंदी

अवांतरात माझंही थोडं. आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, ठोसेघरला जाणाऱ्यांनी बघितल्या असतील. तिथे एक सरडा असतो, नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा, विणीच्या हंगामात दगडावर चढून तो पंखा फडकवत बसतो. या सरड्यांच्या गटाला २०१६ साली शास्त्रीय नाव काय दिलं? सरडा! चक्क मराठी शब्द. त्यातल्या सुपर्बा नावाच्या जातीचं वर्णनच चाळकेवाडीवरून झालंय.

तर बंगळुरूच्या आयआयएस्सीच्या लोकांनी तिथे अभ्यास केला, २०१८ मध्ये छापून आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. मग खाणाराच गेला म्हटल्यावर सरडे वाढले, निवांत झाले, माणूस पार जवळ गेला तरी पळेनात, आणि गळ्याचे रंगसुद्धा फिके पडले. म्हणजे वर पातं फिरतंय आणि खाली सरड्याचा रंग उतरतोय. मी लहानपणापासून त्या पठारावर जातोय, सरडे वाढलेत एवढं दिसायचं, त्यामागे हे असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

पवनचक्क्या नकोत असं म्हणत नाहीये, माझा मेहुणा त्यावरच पोट भरतो. पण "मोकळी जागा पडलीये, टाका काहीतरी" हे जे आपलं असतं ना, झाडं असोत की पवनचक्की की सोलर, त्याची गंमत वाटते. सातबाऱ्यावर पोटखराबा आणि सरकारी नकाशात वेस्टलँड. एकदा खराब म्हटलं की कुणीही यावं.

वाघर

धागा चार दिवसांपासून वाचतोय, लिहू का नको करत होतो. मी धनगर, आमचा वाडा (मेंढरांचा कळप आणि सोबतचं बिऱ्हाड) दिवाळीनंतर इंदापूर-दौंडच्या बाजूने मेंढरं घेऊन फिरतो, आता मी नोकरीला आहे पण वडील आणि भाऊ अजून फिरतात. (वाघर म्हणजे मेंढरांना रात्री कोंडायचं जाळं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी.)

सगळे लांडग्याचं कौतुक करताय ते बरोबर आहे पण लांडगा खातो कुणाचं? आमचं. एका रात्रीत दोन कोकरं गेली की महिन्याचा हिशोब बसतो. नुकसानभरपाई आहे कागदावर, पण दोन दिवसांत कळवायचं, पंचनामा, फोटो, आधार, बँक पासबुक, आणि वाडा तर सकाळी पुढच्या गावाला निघालेला असतो. वडील म्हणतात जाऊ दे, त्याचा वाटा त्यानं नेला. पण हे म्हणणारे म्हातारेच राहिलेत, तरुण पोरं बिळात धूर करतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि अलीकडे लांडग्यापेक्षा कुत्र्यांचा ताप जास्त आहे. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या रात्री माळावर आणून टाकतात, त्यावर पंधरा-वीस कुत्र्यांची टोळी पोसते, तीच टोळी मेंढरं फाडते आणि नाव लांडग्याचं होतं. लांडगाही तिथेच खायला येतो. त्यांच्यात कुत्र्यांचे रोग जातात, आणि आता तर मिसळही व्हायला लागलीय, पिवळट रंगाचा, ना धड कुत्रा ना धड लांडगा असा एक भावाला दिसला होता, आम्हाला वाटलं त्याची नजर चुकली.

झाडांबद्दल म्हणाल तर प्लँटेशन झालं की पहिलं काम कुंपण, दुसरं काम "चराई बंद"चा बोर्ड. आम्ही मग जायचं कुठं? गवत राखायचं असेल तर चारणारा पण लागतो. पाऊस पडल्यावर दोनेक महिने माळ मोकळा ठेवायचा, बी पडू द्यायचं, मग चारायचा, हे आमच्यात आधीपासून आहे. पार बंद केला की गवत जुनं होतं, वाळतं आणि उन्हाळ्यात बिडीच्या एका थोटकाने सगळा माळ पेटतो.

टिटवी

वाघर, तुमच्या भावाची नजर चुकली नव्हती. पुणे परिसरातल्या अशा प्राण्यांच्या जनुकांची तपासणी झाली आणि कुत्रा-लांडगा संकर असल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं. देशभरात लांडगे साधारण तीन हजारांच्या घरात, म्हणजे वाघांपेक्षाही कमी, आणि बहुतेक अभयारण्यांच्या बाहेर, तुमच्या मेंढरांच्या मागेमागे. मेलेल्या कोंबड्यांचं तर मी छापखान्यातून पत्रकं काढून वाटलीयेत, कोणी ढुंकून बघत नाही. खड्डा करून पुरायला किती खर्च येतो?

चराईचं तुमचं म्हणणं आम्हा पक्षीवाल्यांनी लिहून भिंतीवर लावायला हवं. आमच्यातलेही बरेच जण अजून "मेंढ्या हटवा" म्हणणारे आहेत.

शिकागोची_शकू

मी इलिनॉयमध्ये राहते. याला प्रेअरी स्टेट म्हणतात (प्रेअरी म्हणजे इकडचं माळरान) आणि मूळची प्रेअरी एक टक्का सोडा, टक्क्याच्या दहाव्या भागाइतकीही चांगल्या स्थितीत उरलेली नाही. सगळं मका आणि सोयाबीन. उरलीये ती कुठे, तर जुन्या दफनभूमीत आणि रेल्वे रुळांच्या कडेला, कारण तिथे कुणी नांगर घातला नाही. आता लोक त्या तुकड्यांतून बी गोळा करून पैसे खर्चून गवत लावतात. मी स्वतः शनिवारी बी वेचायला जाते आणि दर वेळी आईचं वाक्य आठवतं, "गवत काय लावायचं असतं होय?"

कुसळ्या (धागाकर्ता)

उशिरा येतोय, माफ करा. इथले प्रतिसाद प्रिंट काढून घेऊन गेलो होतो गावाला (वाघर, तुमचा प्रतिसाद चुलत्यांना मोठ्याने वाचून दाखवला, पोल्ट्रीच्या ओळीला ते जोरात "हां!" म्हणाले).

काय झालं ते सांगतो. कंपनीच्या माणसाशी फोनवर तासभर बोललो. माणूस वाईट नाही, पण त्याची अडचण अशी की वरिष्ठांना वर्षाअखेरीस आकडा दाखवायचा असतो, झाडं किती लावली. मी विचारलं, समजा गवत राखलं, कोंबड्या पुरायचे खड्डे केले, गवताचं बी पेरलं, तर? तो म्हणाला, सर, गवत मोजायचं कसं? आता यावर मी काय बोलणार.

ग्रामसभा तीन तास चालली. निम्मी तरुण मंडळी झाडांच्या बाजूने, शेळ्यावाले विरोधात, बायकांचं म्हणणं दोन्ही राहू दे आधी टँकर वेळेवर पाठवा. सोलापुरी_चादर म्हणाले तसं झालंच, एकाने उठून विचारलं, "लांडग्याचं नाव लागलं तर उद्या अभयारण्य करून जमिनी अडकवणार का?" मी शपथेवर सांगितलं की असं काही नाही, पण माझ्या शपथेला काय किंमत. शेवटी चुलते उठले आणि कोण कोण चारा विकत आणतो, कितीला पेंढी, असं एकेकाचं नाव घेऊन विचारायला लागले, तिथे वारं फिरलं.

ठरलं असं की माळावर चर नाहीत. झाडं लावायची ती ओढ्याच्या काठाने, शाळेभोवती आणि फाट्यापर्यंतच्या रस्त्याला, चिंच, लिंब, करंज, जांभूळ, सगळी मिळून ९०० होतील. पाऊस पडल्यावर दीड महिना माळ बंद, नंतर चराई, वाड्यांनाही मज्जाव नाही. पोल्ट्रीवाल्यांना नोटीस द्यायची ठरलंय, ती कोण देणार ते ठरलं नाही, कारण दोन पोल्ट्र्या उपसरपंचांच्याच आहेत.

पण दोन गोष्टी. ग्रामसभेच्या आधीच जेसीबीवाल्याने अकरा चर मारून ठेवले होते, म्हणाला तारीख रिकामी होती. खोकडाच्या बिळांपैकी दोन तोंडं त्यात गेली. बुजवून घेतले चर, पण तो मुरमाचा पट्टा लांबून पांढरा दिसतो. आणि उरलेली ४,१०० झाडं शेजारच्या गावाने मागून घेतली. त्यांचा माळ आमच्या माळाला लागूनच आहे, मधे फक्त एक दगडांची ताल. गुरुवारी जेसीबी तिकडे गेला.

पिंपळपान

शेजारच्या गावाची ग्रामसभा कधी आहे? मी येतो. झाडंवाला माणूसच झाडं लावू नका म्हणतोय म्हटल्यावर ऐकतील कदाचित.

कुसळ्या (धागाकर्ता)

पिंपळपान, खरंच येताय? त्यांचा सरपंच ओळखीचा नाही पण त्याचा मेहुणा आमच्याकडे दूध घालतो, विचारून तारीख सांगतो.

टिटवीताई, एक काम होतं. आमच्या शाळेची पोरं पावसाआधी माळावरची घरटी मोजायची म्हणतायत, मला डोंबारी चंडोल आणि साधी चिमणी यातला फरक कळत नाही. जमेल का?

टिटवी

येते. पहिला पाऊस व्हायच्या आत यायला हवं, आणि सकाळी सहाला माळावर पोचलं पाहिजे, उन्हं चढली की काही दिसत नाही. स्वारगेटहून पहाटेची कुठली गाडी सुप्याला थांबते? नाहीतर आदल्या रात्रीच येऊन चुलत्यांकडे मुक्काम करते, त्यांना विचारून सांगा.